हा काही डाव्या हातचा मळ नव्हता! उजवा हात गमावलेल्या सैनिकाने पिस्तुलात दोनदा ऑलिम्पिक सुवर्ण कसं जिंकलं?

एखादं काम अगदीच सोपं असलं की आपण सहज म्हणून जातो, हा तर डाव्या हातचा मळ. पण २८ वर्षांच्या एका हंगेरियन सैनिकावर अशी वेळ आली की आयुष्यभर उजव्या हाताने केलेलं काम त्याला डाव्या हाताने पहिल्यापासून शिकावं लागलं. आणि ते काम होतं ऑलिम्पिकच्या दर्जाची पिस्तुल नेमबाजी.

त्याची गोष्ट तुम्ही बहुतेक पाहिली असेल. दर ऑलिम्पिकच्या सुमारास ती व्हॉट्सअॅपवर आणि रील्समध्ये फिरायला लागते. उजवा हात गेला, डाव्या हाताने सराव केला, सुवर्णपदक जिंकलं, आणि खाली जिद्दीवर एक ओळ. तीस सेकंदांत विषय संपतो.

गोष्ट खरी आहे. पण त्या तीस सेकंदांत माणसाची १२ वर्षं गायब होतात. शिवाय पिस्तुलाच्या नेमबाजीत एक हात गेला म्हणजे नेमकं काय जातं, हेही त्यात कुठे येत नाही. गोळी झाडण्याचं काम एकच हात करतो, पण ती गोळी पिस्तुलात भरायला दोन हात लागतात.

या माणसाचं नाव कारोय तकाच. इंटरनेटवर तुम्हाला तो कॅरोली टॅकॅक्स अशा नावाने सापडेल, कारण इंग्रजी अक्षरं वाचून आपण तसा उच्चार करतो. हंगेरीत मात्र त्याला कारोय तकाच म्हणतात.

पहिला अडथळा हाताचा नव्हता, हुद्द्याचा होता

तकाचचा जन्म २१ जानेवारी १९१० रोजी बुडापेस्टमध्ये झाला. पुढे तो हंगेरीच्या लष्करात भरती झाला आणि पिस्तुलात त्याचा हात इतका बसला की देशातल्या चांगल्या नेमबाजांमध्ये त्याचं नाव घेतलं जाऊ लागलं.

१९३६ साली बर्लिनमध्ये ऑलिम्पिक होतं. तकाच तेव्हा २६ वर्षांचा होता, दोन्ही हात धडधाकट होते आणि खेळ रंगात होता. तरीही त्याला हंगेरीच्या संघात घेतलं नाही.

कारण काय, तर तो सार्जंट होता. आपल्या लष्करात ज्याला हवालदार म्हणतात, साधारण तसा हुद्दा. हंगेरीच्या लष्करात तेव्हा नियम असा होता की ऑलिम्पिकच्या नेमबाजी संघात फक्त कमिशन मिळालेले अधिकारीच जाऊ शकतात. नेम कितीही चांगला असो, खांद्यावर अधिकाऱ्याची पट्टी नसेल तर दरवाजा बंद.

आज हे ऐकून विचित्र वाटतं, पण त्या काळात खेळ आणि हुद्दा यांची अशी गाठ अनेक ठिकाणी मारलेली होती. ऑलिम्पिकच्या घोडेस्वारीतही लष्करातल्या स्वारांपैकी फक्त अधिकाऱ्यांनाच प्रवेश होता. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये स्वीडनच्या संघाने ड्रेसाज या प्रकारात सुवर्ण जिंकलं. नंतर कळलं की संघातला गेनाल पेर्सन हा मुळात सार्जंट होता, स्पर्धेपुरती त्याला बढती दिली होती आणि स्पर्धा झाल्यावर पुन्हा खाली उतरवलं होतं. स्वीडनचं सुवर्ण काढून घेतलं गेलं आणि ते फ्रान्सला मिळालं. स्वारीत चूक नव्हती, चूक होती हुद्द्यात.

बर्लिनची आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्याच १९३६ च्या ऑलिम्पिकमध्ये हंगेरीच्या वॉटरपोलो संघाने सुवर्ण जिंकलं. त्या संघात ओलिव्हेर हलाशी नावाचा खेळाडू होता. लहानपणीच्या अपघातात त्याचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता. म्हणजे एक पाय नसलेला हंगेरियन बर्लिनमध्ये सुवर्ण जिंकत होता आणि दोन्ही हात शाबूत असलेला तकाच हुद्द्यापायी मागे राहिला होता.

बर्लिननंतर हंगेरीच्या लष्कराने तो नियम उठवला. आता सार्जंटलाही ऑलिम्पिकला जाता येणार होतं. पुढचं ऑलिम्पिक होतं १९४० साली. तकाचला चार वर्षं हातात मिळाली होती.

१९३८: तो स्फोट

दोन वर्षं सरली. १९३८ साली लष्कराच्या सरावादरम्यान एक सदोष ग्रेनेड फुटला. त्यात तकाचचा उजवा हात निकामी झाला. तोच हात, ज्याने तो पिस्तुल धरायचा.

हातातोंडाशी आलेला घास गेला म्हणतात तो असा. दरवाजा उघडला तेव्हा आत जायला हातच उरला नाही.

महिनाभर तो रुग्णालयात होता. बाहेर आल्यावर त्याने ठरवलं की पिस्तुल सोडायचं नाही, हात बदलायचा. आणि कोणाला फारसा पत्ता लागू न देता त्याने डाव्या हाताने सराव सुरू केला.

रीलमध्ये हे एका वाक्यात येतं. पण ते एक वाक्य समजून घ्यायचं असेल तर आधी हे पिस्तुल कसं चालतं ते बघावं लागेल.

गोळी छोटी, पण तिची कड त्रासदायक

तकाचचा प्रकार होता २५ मीटर रॅपिड फायर पिस्तुल. यात पॉइंट टू टू, म्हणजे .२२ ची रिमफायर काडतुसं वापरतात. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं, तो प्रकारही रिमफायरचाच.

रिमफायर म्हणजे काय? पोलिसांच्या पिस्तुलात जे काडतूस असतं, त्याच्या बुडाशी मधोमध एक छोटी टिकली असते. पिस्तुलाची पिन त्या टिकलीवर आदळली की आतली दारू पेटते. रिमफायर काडतुसाला अशी वेगळी टिकली नसते. पेट घेणारा मसाला काडतुसाच्या बुडाच्या कडेत भरलेला असतो आणि पिन त्या कडेवर आदळते. इंग्रजीत कडेला रिम म्हणतात, म्हणून नाव रिमफायर. गोळीची जाडी साधारण ५.६ मिलिमीटर. धक्का कमी, आवाज कमी, खर्चही कमी, त्यामुळे नेमबाजीच्या खेळात ही काडतुसं टिकून राहिली.

पण ज्या कडेमुळे ती पेटतात, तीच कड मॅगझिनमध्ये त्रास देते. ही कड काडतुसाच्या अंगापेक्षा थोडी बाहेर आलेली असते. मॅगझिनमध्ये काडतुसं एकावर एक रचली जातात. प्रत्येक वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या पुढे असावी लागते. ती चुकून मागे राहिली तर दोन कडा एकमेकींत अडकतात, वरचं काडतूस पुढे सरकत नाही आणि पिस्तुल मध्येच अडतं.

म्हणजे मॅगझिन भरणं हे डोळे झाकून करण्याचं काम नाही. मॅगझिनच्या आत एक स्प्रिंग असते, ती काडतुसं वर ढकलत राहते. भरताना एका हातात मॅगझिन धरायचं आणि त्याच हाताच्या अंगठ्याने बाजूचं छोटं बटण स्प्रिंगच्या विरुद्ध खाली ओढून धरायचं. दुसऱ्या हाताने काडतुसं एकेक करून आत सोडायची. बटण एका वेळी एका काडतुसापुरतंच खाली न्यायचं. जास्त ओढलं तर काडतुसाचं नाक खाली जातं आणि कडांचा क्रम बिघडतो.

हे एकदा केलं तर काही वाटत नाही. पण सरावाच्या दिवशी शेकडो काडतुसं भरायची असतात. ते छोटं बटण ओढून ओढून अंगठ्याचं टोक हुळहुळं होतं. म्हणूनच मॅगझिन भरायची साधनं निघाली, ज्यांना नेमबाज सरळ लोडर म्हणतात. काही लोडर म्हणजे प्लॅस्टिकचा किंवा धातूचा छोटासा तुकडा असतो. तो मॅगझिनवर चढवला की बटण त्यात अडकतं आणि अंगठ्याच्या टोकाऐवजी अख्ख्या हाताच्या जोराने खाली दाबता येतं. काही लोडर मॅगझिन टेबलावर घट्ट धरून ठेवतात. बघायला अगदी किरकोळ वस्तू. पण दोन्ही हात असलेले नेमबाजही ती पिशवीत ठेवतात, यावरून या कामाचा ताप कळतो.

आता एक प्रयोग घरी करून बघा. एक हात पाठीमागे धरा आणि दुसऱ्या एकाच हाताने टीव्हीच्या रिमोटचे सेल बदला. झाकण काढायचं, स्प्रिंग दाबायची, सेल सरळ बसवायचा, झाकण लावायचं. दोन सेलना जो वेळ लागेल, तो बघा. मग विचार करा की असंच काम दिवसातून शेकडो वेळा करायचं आहे, आणि एक काडतूस जरी वाकडं बसलं तरी स्पर्धेत पिस्तुल अडू शकतं.

पिस्तुलाच्या नेमबाजीत नियमच असा आहे की झाडताना हात एकच वापरायचा. दुसरा हात खेळाडू खिशात किंवा पट्ट्यात अडकवून ठेवतात. त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं, एक हात गेला तर काय झालं, दुसरा आहेच की. पण खिशातला हात दिवसभर फुकट बसलेला नसतो. मॅगझिन भरणं, पहिली गोळी नळीत आणण्यासाठी पिस्तुलाचा वरचा भाग मागे ओढणं, अडलेलं काडतूस काढणं, या सगळ्यात त्याचा वाटा असतो. तकाचने फक्त नेम धरणारा हात गमावला नव्हता. नेम धरण्याचं काम डाव्या हाताकडे आलं, आणि डाव्याला आजवर मिळणारी जोड गेली.

डावा हात शिकवायचा म्हणजे

बरं, नेम धरायचं कामही नुसतं पिस्तुल या हातातून त्या हातात घेतलं की जमतं, असं नाही.

स्पर्धेच्या पिस्तुलाची मूठ हाताच्या आकाराप्रमाणे कोरलेली असते. अंगठा टेकायला जागा एका बाजूला, तळव्याचा उंचवटा दुसऱ्या बाजूला. उजव्या हाताची अशी मूठ डाव्या हातात नीट बसतच नाही. पिस्तुलावरच्या कळाही बहुधा उजव्या अंगठ्याला पोचतील अशा बसवलेल्या असतात. रिकामी पुंगळी उजव्या बाजूला उडते, म्हणजे डाव्या हाताने झाडणाऱ्याच्या अंगावरून जाते. उजव्या हाताने खेळणारा बहुधा उजव्या डोळ्याने नेम धरतो, त्यामुळे हात बदलला की डोळा, मान, पायांची ठेवण असं सगळं नव्याने जुळवावं लागतं.

आणि सगळ्यात अवघड काम चाप ओढण्याचं. नेम बरोबर असूनही चाप ओढताना बोट किंचित तिरकं गेलं तरी २५ मीटरवर गोळी भलतीकडे जाते. ते बोट सरळ मागे यायला वर्षं लागतात. तकाचच्या उजव्या बोटाने ती वर्षं घातली होती, डाव्या बोटाला मात्र यातलं काही माहीत नव्हतं.

१९३९ चा वसंत आला. हंगेरीची राष्ट्रीय पिस्तुल स्पर्धा भरली. तकाच तिथे दिसला तेव्हा सहकाऱ्यांना वाटलं की तो बघायला आणि आपल्याला धीर द्यायला आला आहे, असा किस्सा सांगतात. तो खेळायला आला होता. डाव्या हाताने खेळला आणि राष्ट्रीय विजेता झाला.

त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्न इथे जागतिक नेमबाजी स्पर्धा झाली. तिथे रॅपिड फायर प्रकारात सुवर्ण जिंकणाऱ्या हंगेरीच्या संघात तकाच होता. आता १९४० चं ऑलिम्पिक हाकेच्या अंतरावर होतं.

दोन ऑलिम्पिक, जी झालीच नाहीत

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर हल्ला केला आणि दुसरं महायुद्ध सुरू झालं.

१९४० चं ऑलिम्पिक आधी टोकियोला होणार होतं. चीनबरोबरच्या युद्धामुळे जपानने १९३८ साली यजमानपद सोडलं आणि ते फिनलंडच्या हेलसिंकीकडे गेलं. युद्धाने तेही रद्द झालं. १९४४ चं ऑलिम्पिक लंडनला द्यायचं ठरलं होतं. तेही झालं नाही.

खेळाडूच्या आयुष्यात ही वर्षं परत येत नाहीत. तकाचची तिशी सुरू होत होती तेव्हा एक ऑलिम्पिक गेलं, ३४ व्या वर्षी दुसरं गेलं. आधीचं बर्लिन धरलं तर तीन. एक हुद्द्यामुळे, दोन युद्धामुळे. गंमत म्हणजे तिन्हीपैकी एकही हातामुळे गेलं नाही.

१९४५ साली युद्ध संपलं तेव्हा बुडापेस्ट महिन्यांच्या वेढ्यानंतर उद्ध्वस्त झालं होतं. डॅन्यूब नदीवरचे पूल पाडले गेले होते. अशा देशातून १९४८ साली खेळाडूंचा संघ लंडनला निघाला आणि त्यात ३८ वर्षांचा तकाच होता.

लंडन: पाच गोळ्या, चार सेकंद

नेमबाजीच्या स्पर्धा लंडनजवळच्या बिस्ली इथे होत्या. रॅपिड फायरची रचना अशी होती. समोर २५ मीटरवर माणसाच्या आकृतीची पाच लक्ष्यं एका ओळीत. ती एकदम खेळाडूकडे वळतात आणि ठरलेल्या वेळेनंतर पुन्हा फिरतात. तेवढ्या वेळात पाचही लक्ष्यांवर एकेक गोळी झाडायची. आधी वेळ मिळतो ८ सेकंद, मग ६, मग ४.

४ सेकंदांची फेरी म्हणजे हात खाली धरून उभं राहायचं, लक्ष्य वळलं की हात वर न्यायचा, पहिली गोळी, मग हात उजवीकडून डावीकडे किंवा डावीकडून उजवीकडे सरकवत पुढच्या चार. एका गोळीला एक सेकंदही मिळत नाही.

अशा पाच-पाच गोळ्यांच्या १२ फेऱ्या, एकूण ६० गोळ्या. प्रत्येक गोळीला जास्तीत जास्त १० गुण, म्हणजे पैकीच्या पैकी ६००. हिशोब केला तर गोळ्या झाडण्याचा सगळा वेळ मिळून जेमतेम सव्वा मिनिटच भरतो. बाकी सगळा वेळ तयारीचा. मॅगझिनमध्ये पाच काडतुसं नीट रचा, मॅगझिन बसवा, उभे राहा, झाडा, पुन्हा भरा. असं बारा वेळा. आजच्या नियमात भरण्याचा आदेश मिळाल्यावर खेळाडूला त्यासाठी एक मिनिट असतं.

स्पर्धेत अर्जेंटिनाचा कार्लोस एन्रिके डियाझ साएन्झ व्हालिएन्टे हा तेव्हाचा जगज्जेता होता आणि तोच जिंकणार असं सगळे धरून चालले होते. असं सांगतात की स्पर्धेआधी त्याने तकाचला विचारलं, इथे कशासाठी आलास? तकाचने उत्तर दिलं, शिकायला आलोय.

निकाल लागला तेव्हा तकाचचे गुण होते ५८०, नवा जागतिक विक्रम. व्हालिएन्टे ५७१ गुणांवर दुसरा. स्वीडनचा स्वेन लुंडक्विस्ट ५६९ गुणांवर तिसरा. दुसऱ्या आणि तिसऱ्यात दोन गुणांचं अंतर, पण पहिल्या आणि दुसऱ्यात नऊचं. पदक स्वीकारताना व्हालिएन्टेने तकाचचं अभिनंदन केलं आणि तू पुरेसं शिकलास असं हसत कबूल केलं, असा त्या किश्श्याचा शेवट आहे.

ग्रेनेड फुटल्याला तेव्हा १० वर्षं झाली होती.

हेलसिंकी: गुरू-शिष्यात एका गुणाचं अंतर

रील इथेच संपते. तकाच मात्र थांबला नाही.

१९५२ चं ऑलिम्पिक हेलसिंकीला झालं. तकाच आता ४२ वर्षांचा होता आणि तो स्वतः खेळता खेळता इतरांनाही शिकवत होता. त्याच्या हाताखाली तयार झालेला सिलार्ड कुन नावाचा १७ वर्षांचा मुलगा त्याच प्रकारात हंगेरीकडून उतरला.

शेवटी फळ्यावर आकडे असे लागले: तकाच ५७९, कुन ५७८. रुमानियाच्या गेओर्गे लिकियार्डोपोलचेही ५७८ गुण झाले, पण रौप्य कुनला मिळालं. म्हणजे गुरूने शिष्याला एका गुणाने मागे टाकून सुवर्ण राखलं. रॅपिड फायर पिस्तुलात ऑलिम्पिक सुवर्ण दोनदा जिंकणारा तकाच हा पहिला नेमबाज ठरला. ६०० गुणांच्या खेळात एक गुण म्हणजे एका गोळीचं बोटभर सरकणं.

आता शहरांची नावं पुन्हा बघा. १९४० चं रद्द झालेलं ऑलिम्पिक हेलसिंकीचं होतं, १९४४ चं लंडनचं. युद्धाने ज्या दोन शहरांतली संधी हिरावून घेतली, नेमक्या त्याच दोन शहरांत तकाचने उशिरा का होईना, दोन सुवर्णपदकं घेतली.

१९५६ साली तो तिसऱ्यांदा ऑलिम्पिकला गेला, मेलबर्नला. त्याच शरद ऋतूत हंगेरीत उठाव झाला होता आणि सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले होते. ४६ वर्षांचा तकाच या वेळी आठवा आला. सुवर्ण रुमानियाच्या श्तेफान पेत्रेस्कूने नेलं.

तकाचने कारकिर्दीत ३५ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. लष्करात तो लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यापर्यंत चढला. ज्या सार्जंटला अधिकारी नाही म्हणून घरी ठेवलं होतं, तो शेवटी वरिष्ठ अधिकारी म्हणून निवृत्त झाला. ५ जानेवारी १९७६ रोजी बुडापेस्टमध्येच, ६६ व्या वाढदिवसाच्या जेमतेम पंधरवडाभर आधी, त्याचं निधन झालं.

फॉरवर्ड करण्याआधी

तकाचबद्दलच्या पोस्टमध्ये एक चूक हमखास असते. ऑलिम्पिकमध्ये खेळलेला तो पहिला अपंग खेळाडू होता, असं त्यात लिहिलेलं असतं. ते बरोबर नाही. १९०४ साली सेंट लुईसच्या ऑलिम्पिकमध्ये जॉर्ज आयझर या जिम्नॅस्टने लाकडी पाय लावून एका दिवसात सहा पदकं जिंकली होती, त्यातली तीन सुवर्ण. ओलिव्हेर हलाशीचं नाव वर आलंच आहे. तकाच त्यांच्या नंतरचा. त्याचं मोठेपण पहिलं असण्यावर अवलंबून नाही, त्यामुळे ते खोटं बिरूद त्याला लावायची गरजही नाही.

त्याच्या काळात अपंग नेमबाजांसाठी वेगळी स्पर्धा नव्हती. पॅरालिम्पिकमध्ये नेमबाजी आली ती १९७६ च्या टोरांटो स्पर्धेत, तकाचच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी. आज पॅरा नेमबाजीत हातांना अपंगत्व असलेल्या रायफल नेमबाजांच्या गटात शस्त्र भरून द्यायला सहाय्यक घेण्याची सोय आहे. म्हणजे खेळानेच मान्य केलं की नेम धरणं वेगळं आणि गोळी भरणं वेगळं, आणि भरण्याच्या कामात मदत घेतली म्हणून नेमाची किंमत कमी होत नाही.

एक धागा आपल्यापर्यंतही येतो. २०१२ साली ऑलिम्पिक पुन्हा लंडनला झालं. तकाचच्याच २५ मीटर रॅपिड फायर पिस्तुल प्रकारात भारताच्या विजय कुमारने रौप्यपदक जिंकलं. तोही सैनिकच, तेव्हा भारतीय लष्करात सुभेदार होता. १९३६ चा हंगेरीचा नियम त्याला लावला असता, तर कमिशन मिळालेला अधिकारी नाही म्हणून त्यालाही घरीच बसावं लागलं असतं.

म्हणून पुढच्या वेळी ही रील समोर आली तर जिद्दीच्या त्या ओळीच्या जरा अलीकडे थांबा. १९३८ चा रुग्णालयातला महिना आणि १९३९ चं राष्ट्रीय विजेतेपद यांच्यामधला काळ डोळ्यांसमोर आणा. तिथे टाळ्या नाहीत, पदक नाही. एक डावा हात आहे, पाच छोटी काडतुसं आहेत, आणि एक स्प्रिंग आहे जी सतत उलट ढकलते. चार सेकंदांचा खेळ जग बघतं. त्याच्या आधीचं भरण्याचं काम बघायला कोणी नसतं, आणि ते रोज करावं लागतं.